न आलेल्या रुग्णाला फोन कोण करणार?

2002 साली अमेरिकेतल्या साध्या फॅमिली डॉक्टरला ऑक्सिकॉन्टिन लिहून द्यायला कुणाची खास परवानगी लागत नव्हती. अफूच्या घराण्यातली ही जबर वेदनाशामक गोळी पर्ड्यू कंपनीने 1996 मध्ये बाजारात आणली आणि हिचं व्यसन सहसा लागत नाही, असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. (2007 मध्ये याच दिशाभुलीबद्दल कंपनीला कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.) या गोळीच्या आहारी गेलेला माणूस त्याच डॉक्टरकडे परत आला आणि ‘यातून सोडवा’ म्हणाला, तर मात्र कायदा आडवा येई. व्यसनावरचं औषध लिहून द्यायचं तर आठ तासांचं प्रशिक्षण, सरकारदरबारी अर्ज, परवाना क्रमांकाआधी ‘एक्स’ हे अक्षर, आणि हे सगळं झाल्यावर अट अशी, की एका वेळी फक्त तीस रुग्ण. सुरुवातीची काही वर्षं तर ही तीसची मर्यादा सबंध ग्रुप प्रॅक्टिसला मिळून होती. शंभर डॉक्टरांचं क्लिनिक असलं, तरी रुग्ण तीसच. व्यसन लावायला मोकळं रान, सोडवायला कोटा.

या विचित्र कायद्याची मुळं जुनी आहेत. 1914 च्या हॅरिसन कायद्याने अमेरिकेत अफू आणि तिच्या पदार्थांवर नियंत्रण आणलं. 1919 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की व्यसनी माणसाला त्याच्या नेहमीच्या मात्रेत अफू पुरवत राहणं हा वैद्यकीय उपचार नव्हे. डॉक्टरांवर खटले झाले, काही तुरुंगात गेले. बाकीच्यांनी धडा घेतला आणि या रुग्णांना दार बंद केलं. 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल, मेरी निस्वँडर आणि मेरी जीन क्रीक यांनी मेथाडोनचा उपचार शोधला, तेव्हा कुठे औषधाने व्यसन आटोक्यात ठेवता येतं हे कळलं. पण सरकारने मेथाडोनलाही वेगळ्या केंद्रांत कोंडलं. रोज पहाटे रांगेत उभं राहायचं, परिचारिकेसमोर औषध प्यायचं आणि मग कामावर पळायचं. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रुग्णांसोबत बाकावर बसून या आजाराचं औषध घ्यायची सोय नव्हतीच.

ती सोय शक्य झाली ब्युप्रेनॉर्फिनमुळे. हे औषध इंग्लंडमधल्या हल शहरातल्या रेकिट अँड कोलमन कंपनीत 1960 च्या दशकात वेदनाशामक म्हणून तयार झालं. व्यसनावर ते चालेल, हे 1978 मध्ये डोनाल्ड जॅसिन्स्की या अमेरिकी संशोधकाने दाखवलं. गोळी गिळायची नाही, जिभेखाली धरून विरघळू द्यायची. पंजाबात लोक तिला ‘जीभवाली गोली’ म्हणूनच ओळखतात.

ती काम कशी करते? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे प्रवासी आपण पाहिलेत. मेंदूत अफूजन्य पदार्थ ज्या जागांवर जाऊन बसतात, तिथे ब्युप्रेनॉर्फिन असाच रुमाल टाकतं. नंतर हेरॉइन आलं तरी त्याला बसायला जागा नसते, त्यामुळे नशा चढत नाही. औषधाचा स्वतःचा परिणाम मात्र अर्धवट असतो. एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवली तरी श्वास मंदावण्याचा धोका त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणूनच ते दवाखान्यातून घरी द्यायला मेथाडोनपेक्षा सुरक्षित ठरतं. मेख एकच आहे. जागेवर हेरॉइन आधीच बसलेलं असेल, तर हा प्रवासी त्याला दांडगाईने उठवतो आणि रुग्णाला काही मिनिटांत भयंकर ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, लागते.

ही टर्की ज्याने भोगली तो ती विसरत नाही. म्हणून पहिल्या गोळीचा दिवस जपून हाताळावा लागतो. शेवटची पुडी घेऊन बारा तास किंवा अधिक वेळ झालेला असावा, आणि अंग स्वतःहून बोलायला लागलेलं असावं. परिचारिका अकरा खुणा तपासते. नाडी, घाम, बाहुल्यांचा आकार, नाका-डोळ्यांतून पाणी, जांभया, अंगावर उभे राहिलेले काटे, हाडांतली ठणक, पोटातली कळ, हातांचा कंप, जीव स्वस्थ न बसणं, चिडचिड. प्रत्येकीला गुण देऊन बेरीज करते. बेरीज पुरेशी झाली, की दोन किंवा चार मिलिग्रॅमची पहिली गोळी देते. गोळी विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ बोलायचं नाही, चहा-पाणी नाही. तासाभरात काटे बसतात, नाक थांबतं, आणि कित्येक दिवसांनी माणूस खुर्चीत पाठ टेकून बसतो. वैद्यकशास्त्रात इतक्या लवकर आणि इतका उघड दिसणारा गुण फार थोड्या औषधांना आहे.

इथे हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘एक नशा काढून दुसरी लावली, यात काय मिळवलं?’ घरचे विचारतात, पोलीस विचारतात, डॉक्टरही विचारतात. याला स्टॉकहोममध्ये झालेल्या आणि 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या एका छोट्या प्रयोगाइतकं थेट उत्तर माझ्या वाचनात नाही. हेरॉइनचे चाळीस रुग्ण घेतले. वीस जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या वीस जणांना ते सहा दिवसांत कमी करत बंद केलं आणि पुढे दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच, तेही भरपूर. वर्षाअखेर पहिल्या गटातले पंधरा जण उपचारात टिकले होते. दुसऱ्या गटातला एकही नाही. त्यातले चौघे मेले होते. पहिल्या गटात मृत्यू शून्य. मधुमेही माणसाला ‘तू इन्शुलिनच्या आधीन झालास’ असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र औषध लवकर सुटावं याची घाई रुग्णापेक्षा भोवतालच्यांनाच जास्त असते.

फ्रान्सने हे औषध सरळ गल्लीतल्या डॉक्टरच्या हाती दिलं. तिथे 1990 पर्यंत व्यसनमुक्तीवर मनोविश्लेषणाच्या परंपरेतल्या मंडळींचा वरचष्मा होता; पॅरिसच्या मार्मोताँ केंद्राचे क्लोद ओलिव्हेन्स्टीन यांच्यासारखे दिग्गज पर्यायी औषधांकडे संशयाने पाहत. पण सुईवाटे पसरणाऱ्या एड्सने माणसं मरू लागली. आरोग्यमंत्री सिमोन वेल यांच्या काळात धोरण फिरलं. 1995 मध्ये परवानगी मिळाली आणि 1996 च्या फेब्रुवारीपासून ब्युप्रेनॉर्फिन औषध दुकानांत आलं. कोणताही डॉक्टर ते लिहू शकत होता, वेगळा परवाना नको, रुग्णसंख्येची मर्यादा नको. चिठ्ठी जास्तीत जास्त 28 दिवसांची आणि एरवी दुकानदाराने एका वेळी आठवड्याचंच औषध द्यायचं, एवढा लगाम होता. 1995 ते 1999 या चार वर्षांत फ्रान्समधले अतिमात्रेचे मृत्यू 79 टक्क्यांनी घटले. याचं सगळं श्रेय एका गोळीला देणं बरोबर नाही, कारण स्वच्छ सुया आणि एचआयव्हीची नवी औषधंही त्याच सुमारास आली. गोळ्या कुटून टोचून घेणारे निघाले, झोपेच्या औषधांसोबत घेऊन दगावलेलेही निघाले. तरीही फ्रेंच सरकारने दार पुन्हा लावून घेतलं नाही, आणि माझ्या मते यातच त्याचं शहाणपण आहे.

अमेरिकेने मर्यादा हळूहळू सैल केली. 2006 मध्ये शंभर रुग्ण, 2016 मध्ये 275, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने नर्स प्रॅक्टिशनरनाही मुभा. तोवर बाजारात हेरॉइनपेक्षाही जहाल फेंटानिल शिरलं होतं. 2022 मध्ये अमेरिकेत सगळ्या अमली पदार्थांच्या अतिमात्रेने सुमारे एक लाख आठ हजार माणसं गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर सही झालेल्या कायद्याने ‘एक्स’ कायमचा गेला. बावीस वर्षांची मागणी पूर्ण झाली. आता दवाखाने भरून वाहतील, असं अनेकांना वाटलं.

तसं झालं नाही. औषध लिहिणारे डॉक्टर थोडे वाढले, पण औषध मिळणाऱ्या रुग्णांचा आकडा जवळपास जागचा हलला नाही. याची खूण आधीच मिळाली होती. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत संशोधकांनी हेरॉइनचे रुग्ण असल्याचं भासवून परवानाधारक डॉक्टरांकडे फोन केले. गरिबांच्या सरकारी विम्यावर, मेडिकेडवर, असल्याचं सांगितलं तेव्हा नवी वेळ मिळाली सुमारे 54 टक्के फोनना. स्वखर्चाने येतो म्हटल्यावर 62 टक्क्यांना. म्हणजे परवाना हातात असलेल्या जवळपास निम्म्या ठिकाणी नकारच. कायद्याचं कुलूप निघालं, तरी आतली कडी तशीच होती. आणि ही कडी काय आहे, हे परवाना असताना रुग्ण न घेणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं सांगितलं होतं. वेळ नाही, हाताशी माणूस नाही, रुग्ण बिघडला तर रात्री विचारायचं कुणाला ते माहीत नाही.

याचं उत्तर मॅसॅच्युसेट्समध्ये 2003 पासून तयार होत होतं आणि ते कायद्यापेक्षा कितीतरी साधं होतं. बोस्टन मेडिकल सेंटरमध्ये कॉलीन लाबेल या परिचारिकेने अशी पद्धत बसवली, की डॉक्टर निदान करणार, चिठ्ठी लिहिणार. बाकी सगळं परिचारिका सांभाळणार. पहिली मुलाखत तिची. पहिल्या गोळीचा दिवस तिचा. त्यानंतरच्या आठवड्यात फोन तिचाच. लघवीची तपासणी, विम्याचे कागद, औषध दुकानात गोळ्या नसल्या तर दुसरं दुकान शोधणं, रुग्ण बाळंत व्हायची असेल तर तिकडच्या वॉर्डशी बोलणं, कोर्टाची तारीख असेल तर तपासणीची वेळ बदलणं, हे सगळं तिच्याकडे. अशी एक परिचारिका शंभरेक रुग्ण धरून ठेवते. 2007 मध्ये राज्याने सामुदायिक आरोग्य केंद्रांना अशा परिचारिकांचे पगार दिले, तेव्हा तीन वर्षांत तिथले परवानाधारक डॉक्टर 24 चे 114 झाले. कायदा तोच होता, तीसची-शंभरची मर्यादाही तीच. फरक पडला तो सोबतीला माणूस मिळाल्याने.

शेजारच्या व्हरमाँटने याला सरकारी चौकट दिली. गव्हर्नर पीटर शमलिन यांनी 8 जानेवारी 2014 रोजी विधिमंडळापुढचं वार्षिक भाषण, जे एरवी रस्ते, कर, शाळा यांवर होतं, ते सबंध अफूजन्य व्यसनावर केलं. तिथली रचना ‘हब आणि स्पोक’ म्हणून ओळखली जाते. गुंतागुंतीचा रुग्ण आधी मोठ्या केंद्रात स्थिरावतो, मग गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे येतो. तिथे बिघडला तर परत केंद्रात. जाण्या-येण्याचा रस्ता दोन्ही बाजूंनी उघडा. दर शंभर मेडिकेड रुग्णांमागे एक परिचारिका आणि एक समुपदेशक सरकारी खर्चाने, डॉक्टरला फुकट. अनेक वर्षांच्या प्रतीक्षायाद्या यामुळे संपल्या. फेंटानिल आल्यावर व्हरमाँटमधले मृत्यूही पुन्हा वाढले, हेही नोंदवायला हवं. ही रचना जादू नाही. पण ती नसती तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही.

आता दवाखान्याच्या आतल्या गोष्टी. सुधारणा म्हटलं की डोळ्यांसमोर यंत्रं येतात. प्रत्यक्षात बऱ्याच सुधारणा म्हणजे जुने नियम मोडणं आहे. पहिला नियम, ‘आज नाव नोंदवा, पुढच्या मंगळवारी या’. व्यसनी माणूस उपचाराला तयार होतो तो एखाद्या दुपारी, कुणीतरी मेल्यावर किंवा पैसे संपल्यावर. मंगळवारपर्यंत ती दुपार उरत नाही. येल विद्यापीठाच्या गेल डोनोफ्रिओ आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं, की आपत्कालीन कक्षात आलेल्या रुग्णाला तिथेच ब्युप्रेनॉर्फिन सुरू करून फॅमिली डॉक्टरकडे जोडून दिलं, तर महिन्यानंतर 78 टक्के उपचारात असतात. नुसता पत्ता हातात दिला, तर 37 टक्के.

दुसरा नियम लघवीच्या चाचणीचा. चाचणीत हेरॉइन सापडलं की रुग्णाला काढून टाकायचं, असा अनेक ठिकाणी रिवाज होता आणि अजूनही आहे. आजाराचं लक्षण दिसलं म्हणून उपचार बंद करण्याचा हा प्रकार इतर कुठल्या आजारात चालला असता? साखर वाढली म्हणून मधुमेह्याला ओपीडीतून हाकलत नाहीत. चांगल्या दवाखान्यात त्या चाचणीचा अर्थ एवढाच घेतात, की गोळीची मात्रा कमी पडते आहे का, घरी काही घडलं आहे का, हे विचारायचं. तिसरा नियम सक्तीच्या समुपदेशनाचा. समुपदेशन चांगलंच, ज्याला हवं त्याला ते मिळायलाच हवं. पण ‘सत्राला आला नाहीस तर गोळी नाही’ या अटीला पुराव्याचा आधार फार थोडा आहे. वेदनाशामकांच्या आहारी गेलेल्या 653 रुग्णांवरच्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात जादा समुपदेशनाने फरक पडला नाही. औषध चालू असताना निम्म्यांच्या जवळपास रुग्ण सावरले होते. औषध बंद केल्यावर दोन महिन्यांत हे प्रमाण 9 टक्क्यांच्याही खाली आलं. मला यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘किती दिवसांत बंद करायचं?’ या प्रश्नाने आपल्याकडेही सगळ्यांचं डोकं व्यापलेलं असतं.

आपल्याकडे, म्हणजे आधी पंजाबात. 2015 च्या पाहणीत तिथे 2 लाख 32 हजार माणसं अफूजन्य पदार्थांच्या पूर्ण आहारी गेल्याचा अंदाज आला. भुक्की, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, आणि अफू जुनी. ‘चिट्टा’ म्हणजे हेरॉइन नवं. ऑक्टोबर 2017 मध्ये अमृतसर, तरनतारन आणि मोगा या जिल्ह्यांत सरकारने बाह्यरुग्ण केंद्रं सुरू केली. ‘ऊट’ क्लिनिक म्हणतात त्यांना. सरकारी रुग्णालयात मोफत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, बोटाचा ठसा, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करणारा, प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर. पुढे या केंद्रांची संख्या पाचशेच्या वर गेली. व्यसनाचा उपचार मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीतून बाहेर काढून इतक्या मोठ्या प्रमाणावर साध्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे नेण्याचं हे देशातलं सर्वांत मोठं पाऊल.

सुरुवातीला गोळी रोज, समोर बसून घ्यायची. डॉट्सच्या क्षयरोग्यासारखीच. पण क्षयाचा इलाज सहा महिन्यांत संपतो, हा वर्षानुवर्षं चालतो. रोजंदारीवरचा माणूस किंवा ट्रकचालक रोज सकाळी रांगेत कसा उभा राहणार? त्यात त्या रांगेत उभं राहणं म्हणजे गावाला सांगणं. कोविडच्या टाळेबंदीत दोन आठवड्यांपर्यंतच्या गोळ्या घरी द्याव्या लागल्या, आणि जे धोरणाच्या बैठकांत वर्षानुवर्षं अडलं होतं ते एका आठवड्यात झालं. गोळ्या बाहेर फुटण्याची भीती खोटी नाही. खासगी केंद्रांतून त्या काळ्या बाजारात गेल्याची प्रकरणं पंजाबात गाजली आहेत. पण त्यावर पुन्हा रोजची रांग लावणं हा इलाज नव्हे. काळ्या बाजारात ही गोळी घेणाऱ्यांतले बरेच जण टर्की टाळायला घेतात. दवाखान्यात सहज मिळाली असती, तर त्यांना बाजार लागला नसता.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात हेरॉइन ‘गर्द’ या नावाने आलं. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. डॉ. अनिता अवचटांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं; पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणणं, बायकोला आणि आईला उपचारात बसवणं, बरं झालेल्यालाच कार्यकर्ता करणं, हे मराठी समाजाला मुक्तांगणने शिकवलं, आणि त्याचं मोल कमी होणारं नाही. पण ती पद्धत मुळात निवासी आणि पूर्ण संयमाची. महिनाभर काम सोडून पुण्याला येऊन राहणं ज्याला जमतं, त्याच्यासाठी. भिवंडीतला यंत्रमाग कामगार किंवा नंदुरबारचा क्लीनर यांच्यासाठी गावातच काहीतरी लागेल. ती जागा अजून रिकामी आहे.

2019 च्या राष्ट्रीय अहवालात देशात सुमारे 77 लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या घातक वापराचा किंवा अवलंबित्वाचा त्रास असल्याचा अंदाज आहे. त्यातले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्लीच्या बरोबरीने महाराष्ट्राचं नाव आहे. पंजाबवर सिनेमे निघाले म्हणून आपण निर्धास्त राहिलो. महाराष्ट्रात हे व्यसन हेरॉइनपुरतं नाही; खोकल्याच्या कोडीनयुक्त बाटल्या आणि ट्रामाडॉलच्या गोळ्याही त्यात आहेत. ब्युप्रेनॉर्फिन मात्र व्यसनासाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ते व्यसनमुक्तीची सोय असलेल्या रुग्णालयांना आणि केंद्रांनाच मिळतं. म्हणजे अमेरिकेचा ‘एक्स’ आपल्याकडे वेगळ्या नावाने अजून शाबूत आहे.

तो उठवावा का? फ्रान्सइतकी मोकळीक आपल्या औषध दुकानांच्या शिस्तीवर सोपवायला मी तयार नाही. पण ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रं यांना पंजाबसारखी परवानगी द्यायला हरकत काय? प्रशिक्षणाची अडचण सांगितली जाते. न्यू मेक्सिकोचे डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये हिपॅटायटिस-सीसाठी सुरू केलेली ‘इको’ पद्धत, म्हणजे तज्ज्ञाने गावोगावच्या डॉक्टरांशी दर आठवड्याला व्हिडिओवर त्यांच्याच रुग्णांबद्दल बोलणं, बंगळूरच्या निम्हान्सने व्यसनोपचारासाठी केव्हाच भारतात रुजवली आहे. तज्ज्ञाची बदली जिल्ह्याला करण्याची गरज नाही.

खरी अडचण पदांची आहे. क्षयाचा रुग्ण औषधाला आला नाही तर त्याच्या घरी जाणारं कुणीतरी आपल्या यंत्रणेत आहे. कुष्ठरोगाला आहे, गरोदर बाईला आशाताई आहे. व्यसनाच्या रुग्णाचा केसपेपर मात्र फडताळात जातो आणि तो परत आला नाही, तर ‘नाहीतरी हे लोक असेच’ म्हणून विषय संपतो. बोस्टन आणि व्हरमाँटने ज्या गोष्टीवर पैसे खर्च केले ती नेमकी हीच: न आलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी फोन करणारी, नावाने ओळखणारी, पगारी परिचारिका. प्रत्येक तालुक्याला अशी एक जागा मंजूर करणं राज्याच्या अर्थसंकल्पात फार मोठी रक्कम नाही. गोळ्या, परवानग्या, प्रशिक्षण हे तिच्या मागोमाग येईल. तिच्याशिवाय आलं तर ‘एक्स’ उठल्यानंतरच्या अमेरिकेसारखंच कागदावर राहील.

तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारा. आणि घरात कुणी या त्रासात असेल, तर त्याला कोंडून ठेवून ‘सोडवू’ नका. काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते आणि जुनीच मात्रा पुन्हा घेतली तर ती जीव घेते. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आणि टेलि-मानस 14416 हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.